मागण्याचे चाळीस दिवस

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन घरी आले तर धाकटा म्हणतो, "काय मेट्रन, चुलीत डोकं घातलंस की काय?" बोलायला दम नाही, पण टोमणे मारायला बरोबर असतो.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पंचावन्न वर्षांचा. शाळेत खेळाचा मास्तर होता, सुट्टीच्या दिवशी सामन्यांना पंच म्हणून जायचा. जन्मभर शिट्टी फुंकली आणि नेमकी फुप्फुसंच कडक झाली. दीड वर्षापूर्वी मी त्याला माझ्याकडे आणलं. मी लग्न केलं नाही, त्याचं टिकलं नाही, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याची खाट, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, आणि खाटेच्या पायथ्याशी भिंतीवर मी टांगलेला तक्ता: नाडी, श्वास, ताप, औषधं. तीस वर्षं दवाखान्यात वॉर्ड सांभाळला, आता घरी गबाळेपणा कसा चालवून घेईन?

संध्याकाळी फादर त्याला राख लावायला आले. बरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. सकाळी प्रवचनात सांगितलं तेच त्यांनी धाकट्याला सांगितलं, "येशू देव होता हे आपण वर्षभर म्हणतो. या चाळीस दिवसांत तो माणूस होता हे आठवू या. तो दमला, त्याला भूक लागली, तो चिडला, रडला. डब्यात अशा चिठ्ठ्या आहेत. एक उचलायची, चाळीस दिवस तेवढं करायचं, आणि रोज दोन ओळी लिहायच्या." सकाळी चिठ्ठीची रांग मारुतीच्या शेपटासारखी लांब होती, म्हणून मी न घेताच परतले होते. ते आता डबा घेऊन दारातच.

डबा धाकट्याच्या मांडीवर. मी हात घालणार तोच हा म्हणतो, "थांब, नीट ढवळू दे," आणि स्वतःच हात घालून बसला बराच वेळ. मग मी वरचीच उचलली. मला वाटलं होतं उपवास येईल, नाहीतर पाय धुणं. दोन्ही मी डोळे मिटून केले असते. आली कोणती? "मागणं. त्यानं परक्या, शोमरोनी जमातीच्या स्त्रीजवळ प्यायला पाणी मागितलं." म्हणजे रोज कोणाकडे तरी काहीतरी मागायचं. मी! उभ्या जन्मात कोणापुढे हात पसरला नाही, ती मी!

बदलून द्या म्हटलं तर फादर म्हणाले, "हे काय चपलांचं दुकान आहे, होत नाही म्हणून बदलून द्यायला?"

धाकट्याला आली "झोप. वादळ चालू असताना तो होडीत उशीवर डोकं टेकून झोपला होता." म्हणाला, "मला सोपी आली." हसला, आणि मग दहा मिनिटं खोकत होता.

ऑक्सिजन दोन लिटर. बोटावरच्या यंत्रात ९२. उत्तम.

२० फेब्रुवारी

पहिला दिवस: औषधवाल्याकडे कापूस मागितला. धाकटा म्हणाला, "पैसे दिलेस ना? मग ती खरेदी. नाही धरलं."

दुसरा दिवस: रस्त्यात एका गृहस्थाला किती वाजले विचारलं. धाकट्याचं लक्ष माझ्या मनगटाकडे. "हातात घड्याळ असताना? फाऊल. नाही धरलं."

म्हटलं, तुला पंच कोणी नेमलं? तर म्हणे, "देवानं." आणि नियमही सांगितले महाशयांनी. ज्याची खरंच गरज आहे तेच मागायचं. आणि समोरच्याला नाही म्हणायची मुभा हवी. "नाही म्हणता येत नसेल तर ते मागणं नाही मेट्रन, तो हुकूम. हुकूम सोडायची तुला सवय आहे."

आजारी माणसाशी वाद घालत नाही म्हणून गप्प बसले.

२२ फेब्रुवारी, रविवार

त्याला आडवं झोपवत नाही, पाठीला टेकण लागतं. मी उशांवर उशा रचते, त्या घसरतात. तो म्हणाला, "खालच्या शिवणवाल्या बाईंकडून एक तिरकी गादी शिवून घे. जाडसर, उतरती."

खालच्या शिवणवाल्या! आठ वर्षं आमचं बोलणं नाही. माझ्या चादरीचं पाणी त्यांच्या खिडकीत वाळत घातलेल्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या झग्यावर गळलं, निळीचे डाग पडले, आणि जिन्यात उभं राहून त्या जे बोलल्या ते मी विसरलेली नाही. मीही काही कमी बोलले नव्हते.

"मी स्वतः शिवीन," म्हटलं.

"सुईत दोरा ओवून दाखव," म्हणाला.

गेले बाई. तोंडात टाचण्या धरून त्या मशीनवर बसलेल्या. मी उभ्या उभ्या सांगितलं, भावासाठी गादीचं कव्हर हवंय, शिवून द्याल का? त्यांनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली, सगळ्या खोचून होईपर्यंत मला ताटकळत ठेवलं, आणि म्हणाल्या, "नाही. वेळ नाही."

मी विजयी मुद्रेनं वर आले. बघ, म्हटलं, तुझ्या नादानं नाक कापून घेतलं. तर धाकटा टाळ्या वाजवायला लागला. "धरलं! हे पहिलं खरं मागणं!"

याचं डोकं ठिकाणावर आहे का?

२४ फेब्रुवारी

सकाळी दार वाजलं. शिवणवाल्या. हातात शिवलेली तिरकी गादी, चांगली दुहेरी शिवण. "रात्री लाइट होते म्हणून झालं," एवढंच म्हणाल्या. मी हिशेब विचारला तर माझ्याकडे न बघता आत गेल्या, गादी त्याच्या पाठीमागे स्वतः बसवली आणि तिथंच खुर्चीत टेकल्या. अर्धा तास! धाकट्यानं त्यांना कुठल्याशा सामन्याची गोष्ट सांगितली, मधे मधे श्वास घेत. त्या खो खो हसल्या. मला वाटायचं त्यांना हसताच येत नाही.

बोलण्यानं त्याला दम लागला. उद्यापासून भेटीची वेळ ठरवायला हवी.

१ मार्च, रविवार

मशीन बंद पडलं तर हाताशी असावा म्हणून जादा सिलिंडर आणवला. लिफ्ट नाही, तिसरा मजला. समोरच्या दारातल्या टॅक्सीवाल्याकडे मागितलं, वर आणाल का. हा माणूस शिव्या देत जिना चढतो म्हणून मी आजवर त्याच्याशी गुड मॉर्निंगसुद्धा केलं नव्हतं. सिलिंडर खांद्यावर टाकून आणला, शिव्या न देता. मग रेडिओवर सामना लागला होता म्हणून बसला, तो संपेपर्यंत. दोघं मिळून पंचाला नावं ठेवत होते.

घराची धर्मशाळा झाली आहे. धाकट्याला सांगितलं. म्हणाला, "चहा कर ना तिघांना. तुलाही घे. एकटी उभ्यानं पितेस ते बंद कर."

ऑक्सिजन तीन लिटर केला. हवेत धूळ फार आहे.

३ मार्च

आज दोनदा धाकट्यानं हात पुढे केला. नाडी १०८. दुपारी ११२. तक्त्यावर लिहिली आणि म्हटलं, घाबरू नकोस, थोडी जलद आहे एवढंच. त्यानं हात परत पांघरुणात घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. जेवला नाही. पाय सुजलेत. मीठ कमी करायला हवं.

मागणं: दूधवाल्याला उद्या लवकर ये म्हटलं. धाकट्यानं धरलं की नाही कळलं नाही.

८ मार्च, रविवार

डॉक्टर येऊन गेला. हा एकेकाळी माझ्या वॉर्डात शिकायला होता. मी त्याला सुई नीट धरायला शिकवली, म्हणून अजून माझ्यासमोर सरळ उभा राहतो. म्हणाला, दवाखान्यात हलवू या, मोठ्या मशीनवर ठेवू. काही आठवडे मिळतील.

मी लगेच कपाटातून बॅग काढली. धाकटा म्हणाला, "नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. मी इथून हलणार नाही. मला इथंच, या खिडकीपाशी."

इथंच काय, ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही आणि मी विचारलं नाही. मी खूप बोलले. तीस वर्षं मी मेलेली माणसं उभी केली आहेत, म्हटलं, आणि माझा सख्खा भाऊ मला शहाणपण शिकवतो. बॅगेत कपडे कोंबले. डॉक्टर खाली मान घालून बुटांकडे बघत होता. धाकटा शांतपणे म्हणाला, "हा हुकूम झाला, मेट्रन."

डॉक्टर जाताना दारात म्हणाला, "सिस्टर, तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हाला दिसतंयच." काय दिसतंय? आजकालच्या डॉक्टरांना सरळ बोलायला काय होतं?

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. राहू दे तिथंच.

११ मार्च

तीन दिवस आम्ही कामापुरतं बोलतोय. गोळी घे. घेतली. कूस बदल. बदलली.

आज दूध तापत ठेवलं आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपले. पातेलं जळलं, धूर झाला, तो खोकायला लागला. वॉर्डात एखादी नर्स अशी झोपली असती तर मी तिला घरी बसवली असती.

खाली गेले. शिवणवाल्यांना म्हटलं, "दोन तास वर येऊन बसाल का? मला झोप हवी आहे." बोलताना आवाज कापला, त्याचा राग आला. त्या म्हणाल्या, "चला. काज करायचेच आहेत, तिथं बसून करीन."

दोन तास म्हणून पडले ती चार तासांनी उठले. दचकून बाहेर आले तर दोघं हळू आवाजात बोलत होते, मला बघून गप्प. जिन्यापर्यंत पोचवायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुमचे भाऊ फार चौकशी करतात हो. मी कोणाबरोबर जेवते, संध्याकाळी काय करते, मला पत्ते खेळता येतात का."

नसत्या पंचायती करायची सवयच आहे त्याला. मी त्यांची माफी मागितली.

आत आले तर म्हणाला, "आजचं धरलं. डबल पॉइंट." तीन दिवसांनी पहिल्यांदा हसला. बॅग मी कपाटात परत ठेवली. तात्पुरती.

१५ मार्च, रविवार

सकाळी त्यानं हात पुढे केला. मी मनगट धरलं, घड्याळाकडे नजर लावली, मोजायला लागले. तो म्हणाला, "ताई."

मेट्रन नाही म्हणाला. ताई.

"ताई, मी हातात हात दिला की तू घड्याळ बघतेस."

एकतीसपर्यंत मोजून झालं होतं. मी म्हटलं, "सूप उतू जाईल," आणि आत गेले. सूप गॅसवर चढवलंच नव्हतं. स्वच्छ पातेलं काढलं आणि घासत बसले. डोळ्यांना धार लागली होती. कांदा चिरत नव्हते, हे लिहून ठेवते.

किती वेळा दिला असेल त्यानं हात? तक्ता चाळला. प्रत्येक वेळी मी आकडा लिहून ठेवलेला आहे.

१९ मार्च

ऑक्सिजन चार लिटर, तरी यंत्रात ८७. मशीन बिघडलंय म्हणून कंपनीचा मेकॅनिक बोलावला. त्यानं उघडून बघितलं, जाळी पुसली, म्हणाला मशीन ठणठणीत आहे. मग बोटावरचं यंत्र खोटं असणार. माझ्या बोटाला लावून बघितलं. ९८.

वॉर्डात मी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगायची, आता मनाची तयारी करा. ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "पण सिस्टर, काल तर जेवले होते हो." मला त्यांची कीव यायची. शिकलीसवरलेली माणसं, आणि डोळ्यांसमोरचं दिसत नाही म्हणजे काय?

काल तो जेवला होता. अर्धी वाटी सूप.

२४ मार्च

आज त्याला बरं वाटत होतं. खिडकी उघडायला सांगितली. मग म्हणाला, "तुला सांगू, मी दवाखान्यात का जात नाही?"

मला माहीत होतं. अकरा वर्षं मला माहीत आहे.

आई माझ्याच दवाखान्यात गेली, अतिदक्षता विभागात. काचेच्या दारावर पाटी होती: भेटीची वेळ चार ते सहा. ती पाटी माझ्या सहीची. धाकटा सकाळी अकराला सामना अर्धा टाकून धावत आला, पंचाच्या कपड्यांतच. आईनं त्याला काचेतून बघितलं आणि हात हलवून आत बोलावलं. दारावरच्या नर्सनं सोडलं नाही. "सिस्टरचा नियम आहे." तो काचेबाहेर उभा राहिला. दोनच्या सुमाराला आई गेली. मी आत तिच्या उशाशी होते, पण सलाईन बघत होते. दोन वाजून दहा मिनिटं, असं कागदावर लिहिलं तेही माझंच अक्षर.

"तिनं तीनदा हात हलवला," धाकटा म्हणाला. "तिसऱ्यांदा मी पण हलवला. तिला वाटलं असेल मी टाटा करतोय."

नंतर आम्ही ते कधी बोललो नाही. मी त्याला तेव्हा म्हटलं होतं, नियम सगळ्यांना सारखे. शाबासकी मिळाल्यासारखं म्हटलं होतं.

आज मी खाटेवर बसले. खुर्चीत नाही, खाटेवर, चादर चुरगळली तरी. म्हटलं, "मला माफ कर रे. मी तुला आत घ्यायला हवं होतं. मीही तिथं नर्स होऊन उभी होते, तिची मुलगी झाले नाही. माफ करशील का?"

त्यानं आधी श्वास जमवला. मग म्हणाला, "केव्हाच केलं. पण तू मागत नव्हतीस, तर देऊ कुठे?"

मग आम्ही दोघंही रडलो. त्याला रडणं झेपत नाही, ८२ वर गेला. मी विचारलं, धरलं का? तर म्हणाला, "गाढवे, यात पंच कशाला लागतो?"

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

चर्चला गेले नाही. फादर दुपारी झावळी आणि कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन आले. धाकट्याला घास गिळायला त्रास झाला, पाण्याच्या थेंबाबरोबर दिला. मग त्याचे डोळे मिटले. फादर हळूच म्हणाले, "आपली चिठ्ठी पाळतोय."

दारात त्यांना मी अडवलं. राग आला होता, कोणाचा ते ठाऊक नाही. म्हटलं, "फादर, येत्या गुरुवारी तुम्ही वाचाल, मरणाच्या आदल्या रात्री बागेत त्यानं बापाकडे मागितलं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. टळला का? मित्रांकडे मागितलं, तासभर माझ्याबरोबर जागे राहा. ते घोरत पडले. मागून मिळत नसेल तर मागायचं कशाला? तुम्ही ही चिठ्ठी डब्यात टाकलीतच का?"

फादर जिन्याच्या कठड्याला टेकले. म्हणाले, "मला नाही माहीत, सिस्टर. खरंच नाही माहीत. पण तो गप्प बसला नाही. घाबरला होता, एकटा होता, ते लपवलं नाही त्यानं." उतरता उतरता म्हणाले, "आणि डबा तुमच्या भावाच्या मांडीवर होता, माझ्या नव्हे."

याचा काय संबंध? फादर पण म्हातारे होत चालले.

मागणं: टॅक्सीवाल्याला म्हटलं, आठवडाभर गाडी लांब नेऊ नका, जवळपास राहा. कशासाठी ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मान हलवली.

१ एप्रिल, बुधवार

काल सकाळी धाकटा गेला. आज दुपारी पुरला. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मी ते आवरून, घडी घालून ठेवीन.

सकाळी आठला मशीन शेवटच्या आकड्यावर, पाच लिटर. ओठ निळे. श्वासाला बरगड्या आत खेचल्या जात होत्या. मला त्या लक्षणाचं नाव माहीत आहे, त्यासाठीची औषधं माहीत आहेत, पुढे काय होतं तेही माहीत आहे. फोन हातात होता. अँब्युलन्सचा नंबर लावलेला, फक्त बोट टेकवायचं बाकी. दहा मिनिटांत ते आले असते. त्याच्यात नाही म्हणायचीही ताकद नव्हती, त्याला उचलून नेलं असतं आणि मोठ्या मशीनवर घातलं असतं. मीच नेलं असतं. माझ्या जिभेवर होतं, चला, उठा, स्ट्रेचर.

मी खाली बसले. गुडघे फरशीवर टेकले, तोंड त्याच्या तोंडाजवळ. म्हटलं, "धाकट्या, दवाखान्यात चल ना रे. माझ्यासाठी चल. पंधरा दिवस मिळतील. मला हवे आहेत. मला तुझ्याशिवाय करमणार नाही. मला भीती वाटते."

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे नीट बघितलं. तीन श्वास गेले मधे.

"नाही, ताई."

आणि मग आणखी दोन श्वास घेऊन, "पण धरलं."

मी फोन बंद केला. कसा केला मला माहीत नाही. जिन्यात जाऊन हाक मारली, "अहो बाई, वर या, मला एकटीला हे जमत नाही." शिवणवाल्या अनवाणी धावत आल्या, गळ्यात टेप तसाच. त्या पायांशी बसल्या, त्याची पावलं चोळत. मी खाटेवर चढून बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, हात हातात घेतला. घड्याळ काढून पांघरुणाखाली सरकवलं. मनगटाकडे बोटं जात होती, ती मी मुठीत आवळून धरली. काही मोजलं नाही. लहानपणी तो पावसात भिजून आला की मी त्याचं डोकं टॉवेलनं खसाखसा पुसायची आणि तो शिव्या द्यायचा, ते सांगत राहिले. ऐकत होता का, माहीत नाही. मशीन चालूच होतं, त्यामुळे त्याचा श्वास थांबला ते आवाजावरून कळलं नाही. बाई एकदम मान खाली घालून रडायला लागल्या तेव्हा कळलं.

डॉक्टर आला. दाखला लिहायला बसला. विचारलं, "सिस्टर, वेळ?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

त्यानं मान वर केली. वॉर्डात असताना मिनिटाची चूक झाली म्हणून मी त्याचा कागद फाडून पुन्हा लिहायला लावला होता. मी पुन्हा म्हटलं, "नऊ ते अकराच्या मधे कधीतरी. मी घड्याळ बघितलं नाही."

त्यानं पेन खाली ठेवलं, उठला आणि माझ्या पाया पडला. मग स्वतः आला ती वेळ लिहिली.

आज टॅक्सीवाला आणि शाळेतले मास्तर लोक यांनी शवपेटी तीन जिने खाली नेली. वळणावर टॅक्सीवाल्याच्या तोंडून एक शिवी निसटली. धाकट्याला आवडली असती.

३ एप्रिल, शुभ शुक्रवार

चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले. दुःखसहनाचं वाचन. "मला तहान लागली आहे." इतकी वर्षं ऐकते आहे, आज कळलं. क्रुसावर खिळे ठोकलेले, हात पसरलेले, आणि तरी मागतोय. आंब दिली त्याला, आंबलेला द्राक्षारस. मोठ्यानं रडले, लोक वळून बघत होते. बघू देत.

घरात मशीनचा आवाज नाही. दीड वर्ष त्या घरघरीवर चिडचिड केली. आता कान दुखतात.

काही खाल्लं नाही. लोकांना वाटेल उपवास आहे.

५ एप्रिल, पुनरुत्थान रविवार

सकाळच्या मिस्साला गेले. घंटा, फुलं, सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मला आनंद झाला नाही. खोटं कशाला लिहू? तो उठला असेल, माझा नाही उठला. फादरांना तसं सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि उपदेश केला नाही, याबद्दल त्यांचे आभार.

दारात सगळे म्हणत होते, "काही लागलं तर सांगा हं." मी म्हणत होते, "हो हो, काही नको, सगळं आहे." चाळीस दिवस संपले. आता मला कोणाकडे काही मागायचं बंधन नाही.

दुपारी शिवणवाल्या सुपाचं पातेलं घेऊन आल्या. दारातूनच दिलं. म्हणाल्या, "काही हवं असेल तर हाक मारा." मी म्हटलं, "काही नको, बाई. ठीक आहे मी." दार लावलं.

पातेलं टेबलावर ठेवलं. बशी काढली, चमचा काढला. खाटेवरची गादी गुंडाळलेली, तक्ता मी काढून टाकलाय, तिथं भिंतीवर पांढरा चौकोन. सूप वाढलं. चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला. गिळताच येईना. बाहेर जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज खाली जात होता. एक पायरी, मग एक पायरी. त्यांचे गुडघे दुखतात, हळू उतरतात.

मी उठले, दार उघडलं आणि ओरडले, "अहो, थांबा!"

पाऊल थांबलं. कठड्यावरून वाकून बघितलं तर त्या मधल्या वळणावर, वर बघत उभ्या. मी म्हटलं, "मला एकटीला जेवता येत नाहीये. तुम्ही समोर बसाल का?"

त्यांनी वरच्या पायऱ्यांकडे बघितलं. मला वाटलं, नाही म्हणणार. म्हणू शकल्या असत्या.

"माझं जेवण झालंय," त्या म्हणाल्या. मग कठडा धरून वळल्या आणि वर चढायला लागल्या.

समोर बसल्या. सूप खारट होतं. मी तसं सांगितलं, तर म्हणाल्या, घाईत दोनदा मीठ पडलं असेल, द्या इकडे, पाणी घालते. पाणी घालून पुन्हा गरम केलं. मी दोन बश्या भरून जेवले.